चौथा मोजा

मंजुश्रीनं लाल मखमलीचा तिसरा मोजा फ्रेमवर ताणला आणि मशीन सुरू केलं. पांढऱ्या धाग्यात इंग्रजी अक्षरं उमटू लागली. कोको. कोको म्हणजे भावाचा कुत्रा. अमेरिकेत नाताळला घरात ज्याच्या त्याच्या नावाचे मोजे टांगतात आणि त्यात कुत्र्याचाही मान राखतात, हे तिला तिकडे राहणाऱ्या धाकट्या भावाकडून, राजशेखरकडून कळलं होतं. उदगीरात गणवेशांवर बिल्ले आणि ब्लाउजांवर मोर काढणाऱ्या बाईला हे सगळं नवलाचंच. पण त्यानं हौसेनं मागितले म्हणून तिनं चार मोजे शिवले. ते घेऊन जाणारा त्याचा मित्र रविवारी हैदराबादहून निघणार होता.

राज आणि मेघा, नवराबायकोचे मोजे आधीच झाले होते. राहिलं चौथं नाव. ईथन. असेल कुणा शेजाऱ्याचं पोर, असं वाटून तिनं फोन लावला.

“राजू, ईथन कोण रे?”



“बाळाचा हाय तो मोजा, अक्का. इथं दवाखान्यातच नाव लिहून द्यावं लागतंय. तुला सांगायचंच राहिलं बघ.”

“सात महिने राहिलं?”

“तसं न्हाई गं. बारशाला येऊ तवा तू ठेव की तुझ्या मनाचं. घरात हाक मारायला.”

तिनं फोन ठेवला. सात महिने व्हिडिओ कॉलवर तिच्यासमोर दोघं नुसतं बाळ, बाळ करत होते. एकदाही जीभ घसरली नाही कुणाची, याचाच तिला जास्त संताप आला. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव सांगायचं ते आत्यानं, आणि तोवर ते कुणाला कळू द्यायचं नाही. नवऱ्यानं टाकलेल्या मंजुश्रीला अख्ख्या घरात एवढा एकच मान उरला होता.

तिनं चौथा मोजा फ्रेमला लावला. नाव अगदी सुबक उतरलं. सुटे धागे कातरून तिनं चारही मोजे पिशवीत घातले.

मग कपाटातून हिरव्या खणाची कुंची काढली. बाळ जन्मलं त्याच आठवड्यात तिनं ती शिवली होती आणि अस्तराच्या आत हातानं आपल्या मनातलं नाव भरलं होतं. कुंची मांडीवर उलटी करून ती त्या नावाचा एकेक टाका उसवू लागली.

वाती वळत बसलेली रत्नम्मा मघापासून लेकीकडे बघत होती. फोनवरचं सगळं तिनं ऐकलं होतं.

“काय नाव काढलं होतंस गं?”

“कानात सांगायचं असतंय ते, अव्वा.”

रत्नम्मानं वातीचं ताट बाजूला ठेवलं. सरकत लेकीजवळ आली, कानावरचा पदर मागं सारला आणि कान पुढं केला.

मंजुश्रीनं मान वर केली नाही. शेवटचं अक्षर तेवढं राहिलं होतं, ते तिनं उसवून टाकलं.