पडदा मावेल एवढी जागा

“आता गाडीखालून बाहेर या. भुसा टाकायचाय,” मिस्त्रीची बायको दारातून म्हणाली.

मिस्त्री सरपटत बाहेर आला. गॅरेजच्या कोब्यात वर्षानुवर्षांचं ऑइल मुरलं होतं. मूळ रंग कोणता, हे त्यालाही आठवत नव्हतं. पण आदल्या दिवशी नाट्यगृहातून तिला विचारणा झाली होती, रंगमंचाचा पांढरा पडदा शिवाल का? जन्मभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हातमशीन फिरवून तिनं अभ्रे आणि गणवेश शिवले होते. एवढा पडदा पसरायला घरातल्या दोन्ही खोल्या अपुऱ्या. नाही म्हणून कळवायचं, असं मनाशी ठरवून ती चहा गाळत होती, तेवढ्यात नवरा म्हणाला, गॅरेज आहे की! बोलला आणि फसला.

भुशानं वरवरचं तेल प्यायलं. तो झाडून काढल्यावर तिनं सोड्याचं कढत पाणी ओतलं आणि दोघंही खराटे घेऊन भिडली. तासाभराचं काम दुपारवर गेलं. यापेक्षा इंजिन उतरवणं परवडलं, असं तो कुरकुरत होता. पण कोपऱ्यातला हट्टी डाग पत्र्याच्या तुकड्यानं खरवडतही होता. ती पांढरं फडकं फिरवायची, काळं झालं की मुकाट्यानं त्याच्यासमोर धरायची. तो पुन्हा गुडघे टेकायचा.

मध्येच एकजण बंद पडलेली स्कूटर ढकलत आला. मिस्त्रीनं त्याला परवा यायला सांगितलं. कुणी पाहुणे येणार का, असं स्कूटरवाल्यानं विचारलं.

“नाही. हिचं मोठं काम आलंय,” मिस्त्री म्हणाला.

आजवर बायको काय करते असं कुणी विचारलं की तो सांगायचा, ही घरीच असते, थोडंफार शिवते. तिनं मान खाली घातली आणि धुतलेलीच जागा पुन्हा घासली.

तेवढ्यात साबणाच्या पाण्यावरून तो घसरला आणि धपकन बसला. हात द्यायला धावली, तर तीही त्याच्या शेजारी येऊन बसली. दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. शेजारीण डोकावून गेली, तरी हसणं थांबेना.

संध्याकाळी फडकं पांढरं राहिलं. कोबा निघाला फिकट राखाडी, चांगला देखणा.

दुसऱ्या दिवशी जमीन वाळली आणि पडदा पसरला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मिस्त्री पाय धुऊन, चपला बाहेर काढून आपल्याच गॅरेजात शिरला. शिवताना कापड ओढलं जात होतं, म्हणून तिनं त्याला दुसऱ्या टोकावर बसायला सांगितलं. हलायचं नाही, अशी ताकीदही दिली.

तो हलला नाही. थोड्या वेळानं तिकडून घोरणं ऐकू आलं. हात उशाला घेऊन तो पडद्याच्या काठावर गाढ झोपला होता. ती शिवत शिवत त्याच्या कोपरापर्यंत आली, थांबली. मग दोरा तोडला, मशीन अलगद उचललं आणि दुसऱ्या बाजूनं शिवायला घेतलं.