केयूरचं कार्ड

केयूरने तयार केलेलं कार्ड चाचणीला आलं तेव्हा त्याला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि चाचणी घेणारी होती त्याची बायको, यशश्री. दोघं सावली गावाजवळच्या एकाच कारखान्यात इंजिनिअर. रेल्वे इंजिनात बसवायच्या, मोटारींना हवी तशी वीज बदलून देणाऱ्या हाय व्होल्टेज कन्व्हर्टरला हुकूम देणारं ते सर्किट कार्ड केयूरने जिवापाड मेहनतीने बनवलं होतं. मग डेंग्यूचं निमित्त झालं.

साहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाला बसवतो. यशश्री नको म्हणाली.

चाचणीत कन्व्हर्टर चालू ठेवून तारांमध्ये मुद्दाम विजेचा गोंगाट सोडायचा, इंजिनातली बाकीची यंत्रं करतात तसा. कार्डाने बिचकता कामा नये. केयूरचं कार्ड बिचकलं. बंद असायला हवा तो स्विच त्याने चालू केला. पुरवठा आपोआप तुटला म्हणून स्फोट टळला.

तिने अर्थिंग बदललं, तारांवर जाळी चढवली, फिल्टर लावले. आठवडाभर रोज कार्ड तसंच बिचकत राहिलं. शेवटी केयूरचा मित्र समरजित दार लोटून हळूच म्हणाला, "गोंगाट जरा कमी ठेवू. पास होईल. त्याचं नाव तरी राहील ना."

त्याचे डोळे भरले होते. यशश्रीला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं.

"त्या इंजिनात माणसं बसणार," ती म्हणाली. "केयूर असता तर त्यानेच पास केलं नसतं."

तिने नापासाचा शेरा लिहून सही केली. पुढे समरजितने नवं कार्ड बनवलं. त्यात सिग्नल तांब्याच्या तारेऐवजी काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने जात होते, तिथे विजेचा गोंगाट शिरत नाही. ते पहिल्याच फेरीत पास झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ती उभी राहिली.

संध्याकाळी प्रतापनगरच्या घरी सासरे चहा करून वाट पाहत होते. रमाकांतांची सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. तिने त्यांना सगळं सांगितलं, काहीही न लपवता. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे त्या इंजिनात आता त्याचं काहीच नसणार."

"नाही, बाबा."

"बरोबर केलंस, बेटा," ते म्हणाले.

केयूर गेल्यापासून दोघं एकमेकांसमोर रडली नव्हती. त्या संध्याकाळी रडली. अंधार पडला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.