शिष्यवृत्तीच्या फॉर्मची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. माझ्याभोवती आता भिंत उरलेली नाही, त्यामुळे तुम्हांला मी नुसती चौकट वाटत असेन. पण चार गज, दोन झडपा आणि खाली हातभर फळी एवढा संसार अजून माझ्या अंगावर आहे. कॉलेजच्या मागच्या आवारात मोडक्या बाकांच्या ढिगाला टेकून मी उभी असते. माझ्या जागी आता काचेची सरकती खिडकी बसवली आहे. ती बरी दिसते, खोटं कशाला बोलू?

मला घडवलं नळदुर्गच्या वीरप्पा सुतारानं, बाभळीच्या लाकडातून. बाभूळ म्हणजे मोठी हट्टी. रंध्याला दाद देईना, खिळा वाकवी, आणि वीरप्पा मला कानडीत शिव्या घाली. शेवटी मला उभी करून, अंगावरून हात फिरवून तो म्हणाला होता, "हिला कीड लागायची न्हाय, आणि अक्कल बी यायची न्हाय." पहिलं खरं ठरलं. दुसऱ्याबद्दल तुम्हीच ठरवा.

मी प्रथम बसले ती शेतकी सोसायटीच्या गोदामात. तुळजापूरहून नळदुर्गाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ते गोदाम होतं. माझ्यातून बियाण्याच्या आणि खताच्या चिठ्ठ्या आत-बाहेर जात. माणसं फळीवर कोपर टेकून तंबाखू मळत, आतल्या माणसाची खेचत, भांडत आणि भांडण विसरून पाणी मागत. तेव्हा मला कोणी भीत नव्हतं.

पुढे सोसायटीनं नवं गोदाम बांधलं आणि हे जुनं गोदाम कॉलेजला कचेरीसाठी दिलं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी माझे गज हलवून पाहिले आणि "भक्कम काम आहे" म्हणून मान डोलावली. मी फुशारले. पण त्या जूनपासून नवल घडलं. फळी तीच, गज तेच, पण माझ्यासमोर येताना माणसांचे आवाज बारीक होऊ लागले. मुलंमुली चपला बाहेर काढून यायची. मी काय येरमाळ्याची येडेश्वरी होते? पण आत सरकारी कागद होते, आणि कागदाला आमच्याकडे देवीपेक्षा जास्त भितात.

आता खरी गोष्ट सांगते. ती बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यातली आहे. शिष्यवृत्तीचे फॉर्म घेण्याचा तो शेवटचा दिवस होता. पाच वाजता माझ्या झडपा बंद व्हायच्या होत्या. पाचला वीस मिनिटं असताना तामलवाडीची चांगुणा माझ्यासमोर उभी राहिली. वर्गात हुशार, पण आवाज कोणाला ऐकू गेला तर दंड होईल अशा बेतानं बोलणारी. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून घरात शिकण्याचा ध्यास होता. पण कॉलेजपर्यंत पोचलेली ही पहिलीच. पहिलं वर्ष तिनं शिष्यवृत्तीवर काढलं होतं. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म आज गेला नाही, तर सोमवारपासून कॉलेज संपलं आणि आईबरोबर खडी फोडायला जायचं, हे घरात ठरलेलं होतं.

तिची आई, पुतळाबाई, चार पावलं मागे भिंतीशी उभी होती. त्या दोघी दुपारची एसटी चुकल्यामुळे एका ट्रकमधून आल्या होत्या.

आत व्यंकटराव कारकून बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. आदल्या वर्षी एका फॉर्मात दोन कागदांचा मेळ बसला नाही, म्हणून त्यांच्या आधीच्या कारकुनाला घरी बसावं लागलं होतं. तेव्हापासून व्यंकटराव प्रत्येक कागद उलटासुलटा करून, विस्तव हाताळल्यासारखा बघत.

त्यांनी चांगुणाचा फॉर्म तपासायला घेतला. गुणपत्रिका होती. जातीचा दाखला होता. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला होता. हजेरी कॉलेजच्याच वहीतून उतरवलेली, ऐंशी टक्क्यांच्या वर. व्यंकटरावांनी शिक्का उचलला. आणि तेवढ्यात त्यांना फॉर्मच्या मागे काट्यानं टाचलेला आणखी एक कागद दिसला.

आमच्याकडे टाचणी नसली की कागदाला बाभळीचा काटा टोचतात. म्हणजे तो काटा माझ्याच भावकीतला. पण भावकी कधी कामाला येते का?

"हे काय?" व्यंकटराव म्हणाले.

चांगुणानं वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तो कागद तिनं लावलेला नव्हता. दुष्काळात सरकारनं उघडलेल्या खडीकेंद्रावरच्या कारकुनाचा दाखला होता तो : पुतळाबाई आणि चांगुणा, दोघी आठ जानेवारीपासून वीस फेब्रुवारीपर्यंत रोज कामावर हजर.

व्यंकटरावांनी हजेरीची वही ओढली. आठ जानेवारी. कॉलेजात चांगुणा हजर. नऊ जानेवारी. हजर. त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं.

"पोरी, तू एकाच दिवशी दोन ठिकाणी कशी काय होतीस?"

 चांगुणानं माझा गज इतका घट्ट धरला होता की तिच्या मनगटाची धडधड माझ्या लाकडात उतरत होती. मित्रांनो, मी खूप भ्यालेली माणसं पाहिली, पण ती भीती निराळी होती. खडीवर होते म्हणावं, तर हजेरी खोटी ठरून शिष्यवृत्ती गेली. कॉलेजात होते म्हणावं, तर आईनं सरकारी मस्टरवर खोटं नाव घातलं असा अर्थ निघतो. मग आईचं काम जाणार आणि पोलीसही येतील. पाऊस पडला होता, पण नुसत्या पेरणीनं पोट भरत नाही. घर अजून त्या खडीवरच चाललं होतं.  तेवढ्यात पुतळाबाई पुढे आली.

"चांगू, काय झालं गं?"

"माय, हा कागद तू लावलास?"

"व्हय. रातीच काटा टोचला. लोक म्हनले, जेवढे कागूद जास्ती तेवढं काम पक्कं. आपण किती गरीब हाव हे साहेबाला कळाय नको?" वाचता न येणाऱ्या त्या बाईच्या आवाजात चक्क अभिमान होता. मग तिनं लेकीच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिचा आवाज बसला. "चुकलं का?"

व्यंकटराव उठून उभे राहिले. "बाई, हा कागद मी बघितला नसता तर गोष्ट वेगळी होती. आता बघितलाय. खरं सांगा, नाहीतर मला हे वर कळवावं लागंल."

"खरंच सांगते, साहेब. तिथं एकटीला दगडाचा ढीग देत न्हाईत. एक फोडणारी, एक वाहणारी, अशी जोडी पायजे. माझी जोडीण माहेराला गेली. मुकादम म्हनला, दुसरं नाव सांग, न्हायतर जागा सोड. म्या लेकीचं नाव सांगितलं."

"आणि काम?"

"म्याच केलं. दोघींचं. खडी मोजूनच पैसा देत्यात, साहेब. फुकटचा दगूड बी न्हाय घेतला. हिला म्या एक दिस बी कॉलेज बुडवू दिलं न्हाय."

चांगुणाला हे ठाऊक नव्हतं. आईला रात्री पाठ का टेकवत नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. ती आईकडे बघत राहिली आणि रडू लागली, अगदी आवाज न करता.

 व्यंकटरावांनाही स्वतःची भाकरी जाताना दिसत होती. "असं तोंडी चालत नाही. मी लिहितो, तुम्ही अंगठा द्या. कामावर लेक नव्हती, दोघींचं काम तुम्ही केलं. उद्या कोणी विचारलं तर माझ्यापाशी कागद पाहिजे."

"माय, देऊ नको!" चांगुणा एवढ्या मोठ्यानं बोलली की पलीकडे झाडूवाला थांबला. "तुझं काम जाईल. मला नको शिष्यवृत्ती. चल घरी."

पुतळाबाईनं तिला बाजूला सारलं.  आणि आपला हात माझ्या गजांतून आत घातला.

घाईघाईनं चार ओळी लिहून व्यंकटरावांनी शाईचा पॅड पुढे केला. पुतळाबाईनं अंगठा टेकवला. कागदावर काळा गोळा उठला. रेघ एकही नाही.

"हलकं टेकवा, बाई."

पुन्हा गोळाच. व्यंकटरावांनी अंगठा फडक्यानं पुसला, शाई कमी लावली आणि स्वतः धरून टेकवला. तरी तेच. डावा अंगठा मागितला, त्याचाही तसाच गुळगुळीत ठिपका आला. दगडानं त्या अंगठ्यांवर काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

पुतळाबाईला वाटलं, आपला अंगठाच सरकारात नापास झाला. ती म्हणाली, "साहेब, माझा अंगठा खोटा न्हाय हो."

बाहेर बलभीम शिपायानं पाचचे टोल दिले आणि तो माझी झडप लावायला आला. मी बाभळीची, मला अक्कल नाही, तरी त्या क्षणी झडप निखळून पडावी असं मला वाटलं. अर्थात ती पडली नाही. वीरप्पाचं काम पक्कं होतं.

"थांब रे," व्यंकटराव म्हणाले.

त्यांनी ते चार काळे ठिपके पुन्हा एकदा पाहिले. मग त्यांनी फॉर्मच्या मागचा काटा उपसला, खडीकेंद्राचा दाखला आणि आपण लिहिलेला कागद एकत्र गुंडाळला आणि पुतळाबाईच्या हातात ठेवला.

"हा दाखला आम्ही मागितला नव्हता. फॉर्मला लागत नाही. घरी नेऊन चुलीत घाला."

चांगुणाचा विश्वास बसेना. "मग माझा फॉर्म, साहेब?"

त्यांनी शिक्का मारला आणि पोच फाडून दिली. ती पोच तिनं उभ्या जागी तीनदा वाचली. पुतळाबाई मात्र माझ्या फळीला धरून खालीच बसली. 

दिवाळीनंतर शिष्यवृत्ती आली. चांगुणा पदवीधर झाली आणि पुढे नोकरीला लागली, असं बलभीमच्या बोलण्यात एकदा आलं. व्यंकटराव निवृत्त झाले. त्यांनी तो प्रसंग कोणाला सांगितला नाही. मला तोंड नव्हतं म्हणून मीही नाही.

पण मित्रांनो, एक बोच माझ्या लाकडात राहिली आहे. त्या दिवशी कागद दुसऱ्या एखाद्याच्या हाती पडला असता तर? आणि तो कागद आलाच कशाला? मी इतकी वर्षं तिथं बसले होते. माझ्यावर 'वेळ दहा ते पाच' एवढंच रंगवलेलं होतं. कोणते कागद लागतात, हे त्या मायलेकींना कोणी सांगितलंच नाही. भ्यालेलं माणूस मग घरात असेल नसेल तो सगळा कागद आणून समोर टाकतं, आणि त्यातच अडकतं.

तेव्हा मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. हवं तर फोडा आणि चुलीत घाला, बाभूळ छान पेटते. फक्त तुमच्यापैकी जो कोणी उद्या अशा खिडकीच्या आत बसेल, त्यानं पहिल्याच दिवशी बाहेर एक पाटी ठोकावी. काय लागतं ते मोठ्या अक्षरांत लिहावं. आणि काय लागत नाही, ते त्याहून मोठ्या. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ती पाटी बाहेर येऊन वाचून दाखवावी.