फोटोतला पितळी वाडगा

मी एक पितळी वाडगा बोलतोय. हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, अंगावर पाणी घ्यायचा. सहा वर्षं कपाटात काढली ती एकाच आशेवर: इतिमाद फ्रान्सहून शिकून परत येईल आणि मला पुन्हा गरम पाणी लागेल. तिचीही एक आशा होती. स्वतःचा उद्योग म्हणजे स्वतःचा वेळ!

ती आली. आमच्या मेकनेस शहरात ऑलिव्हच्या तेलाचा काळा साबण बनवू लागली, पाच बायकांना काम दिलं. आणि मला? पांढऱ्या कापडावर मांडून माझे फोटो काढले. आता साबणाच्या प्रत्येक डब्यावर मी आहे, कोरडा ठणठणीत.

जवळच्या फेझ शहरातल्या तांबटांनी मला ठोकून घडवलं. इतिमादच्या आईच्या लग्नात मी या घरी आलो. दर गुरुवारी आई मला छोट्या इतिमादच्या डोक्यावर रिकामा करायची आणि पोरगी किंचाळायची. आई गेली, तसा मी कपाटात गेलो.

आता मोठी झालेली इतिमाद कामाच्या घाईत उभ्याउभ्या पाव खायची. केस मूठमूठ गळत, ते टोपीखाली लपवायची. फ्रान्समधल्या मार्सेलच्या एका दुकानानं दुप्पट माल मागितला, तेव्हा तिनं बायकांची गुरुवार दुपारची सुट्टीही काढून घेतली.

त्याच गुरुवारी एक लेबल वाकडं लागलं म्हणून ती लल्ला तामूवर ओरडली. लल्ला तामू कामावरची सगळ्यांत वयस्क, आईची जुनी मैत्रीण; इतिमाद तिला खाला, म्हणजे मावशी म्हणते.

"लेबलवर काय लिहिलंस, वाच की. 'स्वतःसाठी वेळ काढा.' तू शेवटची हमामात कधी गेलीस गं?"

"वेळ कुठाय, खाला?"

"दिसतंय. मानेवर बोटभर मळ आहे."

"खाला!"

"ओरड, पण चालता चालता ओरड." आणि लल्ला तामूनं मला बादलीत टाकून हमामाची वाट धरली.

हमामात इतिमाद म्हणाली, "माझं मी घासते."

"घास. पाठीला हात पुरतो का, बघते मी."

पुरला नाही. आमच्याकडे पाठीसाठी शेजारी बसलेल्या बाईला सांगायचं असतं, मग ती अनोळखी का असेना.  शेवटी इतिमादनं घासायचा हातमोजा पुढे केला. "घासशील का, खाला?"

ती रडली. पाण्यात कुणाला कळलं नाही. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मार्सेलला कळवलं, अर्धाच माल मिळेल. चालत नसेल तर राहू द्या. मग दारावर पाटी लावली: गुरुवारी दुपारनंतर बंद.

माझ्या काठावर साबणाचा डाग राहिलाय, तो पुसू नका. फोटोला दुसरं भांडं बघा. मला गुरुवारी काम असतं.