मुलींनी चालवलेल्या बाई

चौऱ्याहत्तर साली मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. अंगाने सुटत चाललेल्या मुलींना रोज सकाळी पळवायचं काम मोठ्या बाईंनी माझ्यावर सोपवलं. त्या मुलींपेक्षा मीच दुप्पट होते, हे त्यांना दिसलं नसावं.

पहिल्याच दिवशी सिद्धेश्वर तळ्याकाठी मी ऐटीत शिट्टी फुंकली, थोडी पळाले आणि धापा टाकत कट्ट्यावर बसले. पुढे गेलेली महानंदा परत आली.

"बाई, पळू नका. आमी तुमच्यासंगं चालतो की."

दुसऱ्या दिवशी मी दांडी मारणार होते, तर सगळ्या मुली दारात हजर. त्यांनी मला वर्षभर चालवलं आणि त्यात त्याच सडसडीत झाल्या.

सभेत मोठ्या बाईंनी माझ्या शिस्तीचं कौतुक केलं, तेव्हा मुली तोंड दाबून हसत होत्या.