मावशीच्या आवाजाचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. उणापुरा नव्वद ओळींचा. मला लिहिणारी मुलगी दुकानांच्या वेबसाइट बनवायची. फायलींना कुलूप घालायची विद्या तिच्या वाटेवरची नव्हती. मावशीसाठी ती शिकली.

मावशी शाळेत शिकवायची. घशाची शस्त्रक्रिया होऊन तिचा आवाज कायमचा जाणार होता. म्हणून तिने जेवणाच्या टेबलापाशी बसून तीनशे वाक्यं रेकॉर्ड केली. पुढे त्यांवरून संगणक तिच्या आवाजात बोलणार होता.

"परक्या कानांवर जायला नको गं," ती म्हणाली आणि मी जन्मलो.

नुसता पासवर्ड कच्चा असतो. मी त्यात हाताला येतील ते सोळा आकडे मिसळायचो, लाखो वेळा घोटायचो, तेव्हा कुठे किल्ली घडायची. या आकड्यांना सॉल्ट म्हणतात. उघडतानाही नेमके तेच लागतात, नाहीतर किल्ली वेगळीच घडते. ते गुपित नसतात. बंद फाईलच्या माथ्यावर उघडे लिहिले तरी चालतात. मुलीला ते पटेना. "कुलपालाच असं काही चिकटवतं का कुणी?" म्हणत तिने ते संगणकाच्या कोपऱ्यात वेगळे लपवले. मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

मावशी अधूनमधून पासवर्ड टाकायची, स्वतःचंच "गप्प बसा रे!" ऐकून हसायची. "तुझा राखणदार माझ्याहून खडूस आहे हं!"

शस्त्रक्रियेच्या आठवड्यात नवा संगणक आला. मुलीने मला आणि फायलींना तिकडे नेलं, जुना कोरा करून देऊन टाकला. कोपऱ्यातले आकडे धावपळीत तिच्या ध्यानातून गेले. मला ते सापडेनात, तेव्हा मी मुकाट्याने नवे उचलले. चकार शब्द काढला नाही. ती माझी चूक.

मावशी घरी आली. पासवर्ड टाकला. उघडेना. पुन्हा टाकला. मग तिने कागदावर लिहिलं: "पाठांतर पक्कं आहे माझं. तुझंच काहीतरी बिनसलंय."

मुलीने कोपरा शोधला. जुने आकडे जुन्या संगणकाबरोबरच पुसले गेले होते. "मावशी, तू नाही गं चुकलीस..."

मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. लिहिलं: "रडू नकोस. बोल काहीतरी. मी ऐकते."

मित्रांनो, कुलूप लिहाल तेव्हा सॉल्ट फाईलसोबतच ठेवा. दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहा, मगच मूळ पुसा. आणि तुमच्या प्रोग्रामला काही सापडलं नाही, तर त्याला ओरडायला शिकवा.

ती तीनशे वाक्यं अजून माझ्यापाशी आहेत. परक्या कानांवर एकही गेलं नाही. आता मावशीच्याही जाणार नाही.