फणसाची गिटार आणि होडीचं तेल

आमच्या गोठ्यात आता गाय नाही, गिटारी आहेत. हे खाणीवरच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता परसात चार मिरच्या लावतील. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून ते एक मोडकी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आले. ती खोलली, जोडली, आणि तेव्हापासून त्यांना वेडच लागलं. गिटारीच्या तारांखाली लोहचुंबक असतं, त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळावी लागते. ती त्यांनी माझ्या शिवणाच्या मशीनवर गुंडाळली. माझी पोलकी तशीच पडून राहिली.

यंदा पहिल्यांदाच त्यांनी अख्खी गिटार स्वतःच्या हाताने घडवली. वाऱ्यात पडलेल्या आमच्याच फणसाचं पिवळंधमक लाकूड.

"चवथीला गणपतीच्या आरतीत ही वाजणार," त्यांनी जाहीर केलं.

वाजवणार होती प्राजक्ता, आमची सून. सावंतवाडीची पोर, कॉलेजात गिटार शिकलेली. आमच्याकडची तिची ही पहिलीच चवथ.

माझा भाऊ सगुण आरतीला घुमट वाजवतो, मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं आमच्याकडचं वाद्य. आमच्या नार्वे गावात त्याच्या घुमटाशिवाय कुणाची आरती उठत नाही, आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक आहे. गिटार बघून तो खो खो हसला.

"भावोजी, फणसाचो मृदंग आयकला. ही तर पलंगाची फळी! हिच्यार पापड लाटा."

"आधी ऐक तरी."

"आयकतलो. पण माझ्या घुमटाच्या आड आली, तर मी घुमट खाली ठेवतलो. सगळ्यांच्या समोर. मागीर म्हणू नकात."

सगुण बोलतो ते करतो. ह्यांनी मान डोलावली, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. रोज तारा उतरवायच्या, दांडा घासायचा, पुन्हा तारा चढवायच्या. तारा दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांच्या जितक्या जवळ, तितकी बोटं हलकी चालतात म्हणे.

चवथीच्या सकाळी मी नेवऱ्या तळत होते. प्राजक्ता हात पुढे करून उभी राहिली.

"आई, हे काय झालंय बघा."

डावा तळवा लालबुंद, अंगठ्याच्या मुळाशी फोड.

"काजू भाजलेस काय गं?"

"नाही हो. दोन दिवस नुसती गिटार वाजवतेय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी गिटारीकडे बघितलं.

"गोठ्यात वाळवी आहे, म्हणून..." ते पुटपुटले.

"म्हणून काय केलंत?"

"सगुणच्या होडीचं तेल लावलं दांड्याला. थोडंसंच. वरून पॉलिश केलं होतं."

आमच्या नदीकाठी होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात. त्या लाकडाला मग कीड शिवत नाही. पण तेल नीट वाळलं नाही तर माणसाचं कातडं सोलून निघतं. ह्यांचे हात जन्मभर ग्रीसमध्ये मुरलेले, त्यांना काय कळणार!

"पोरीचा हात भाजलात, आणि म्हणे थोडंसंच!" मी खोबरेल आणायला उठले. ह्यांनी गिटार पिशवीत घातली आणि चेन ओढली.

"यंदा राहू दे. घुमटच बरं."

असा त्यांचा आवाज मी खाण बंद पडली तेव्हा ऐकला होता.

प्राजक्ताने फडकं बांधलेल्या हाताने ती चेन परत उघडली. "बाबा, दांड्याला हात न लावता वाजवली तर? मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून काचेची बाटली सरकवायची. बोटं माझी चांगली आहेत. फक्त तारा उंच पाहिजेत, नाहीतर बाटली पट्ट्यांवर खडखडेल."

ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर कधी उचलला ते मला दिसलंसुद्धा नाही. इतके दिवस खाली खाली आणलेल्या तारा ते एकेक करून वर चढवू लागले. बाटली शोधायला आम्ही घर पालथं घातलं. फेणीची जड झाली, शिवाय देवासमोर ती कशी चालेल? शेवटी माझ्या गुडघ्याच्या तेलाची बाटली पसंत पडली. ती धुतली, मांडीवर जुना टॉवेल घातला.

संध्याकाळी गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली सगळे जमले. सगुणने बाटली बघितली.

"औषध कोणाला? गिटारीक?"

"मामा, तुम्ही सूर लावा," प्राजक्ता म्हणाली. त्याने लावला, तिने खुंट्या पिळून त्याच सुरात तारा मिळवल्या. मग घुमट घुमलं, झांजा सुरू झाल्या आणि आरती उठली.

पहिल्या कडव्याला गिटार बिचकत होती. दुसऱ्या कडव्याला बाटली तारेवरून हळूच वर सरकली, आणि मला वाटलं, मागे कुणी बाईमाणूस गातंय. मी वळून बघितलं, कुणीच नव्हतं. तो फणसच गात होता.

इतक्यात सगुणने घुमट खाली ठेवलं.

टाळ्या थांबल्या. प्राजक्ताने तारांवरून बाटली उचलली.

"थांबू नको गो बाय," सगुण म्हणाला, "माका आयकूं दी."

तिने पूर्ण कडवं एकटीने वाजवलं. मग ह्यांनीच दम भरला, "उचल रे ते घुमट, बाप्पा ताटकळला!" आणि पुढची आरती अशी रंगली की नैवेद्याच्या पातोळ्या थंड झाल्या.

प्राजक्ताचा हात बरा झाला, दांडाही घासून नवा केला. पण सगुण अजून गावभर सांगत फिरतो, "त्या गिटारीक आवाज खंयसून येता म्हायत आसा? माझ्या होडीचा तेल!"